विषय: मंडळाच्या लॅपटॉपवर सभासद यादी वाचताच येत नाहीये!

प्रेषक: चिटणीस

नमस्कार मंडळी,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून खजिनदार माझ्या मागे होते. शेवटी मागच्या आठवड्यात मंडळाच्या लॅपटॉपवर विंडोज ११ घातलं. अपग्रेड मध्येच अडकलं, म्हणून माझ्या मुलाने सगळं नव्याने इन्स्टॉल केलं. डिस्क फॉरमॅट केली नाही असं तो म्हणतो. जुन्या फायली मिळाल्या, त्या मी जागच्या जागी ठेवल्या आणि निवांत झाले.

काल सभासद यादी उघडली तर एक अक्षर मराठी नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच टक्क्याचं चिन्ह. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं. सभेचे वृत्तांतही तसेच. वार्षिक अंकांच्या पीडीएफ मात्र छान दिसतात, हे आणखी गूढ. व्हायरस असेल का? वर्गणीची पत्रं या आठवड्यात जायची आहेत.

प्रिंटरही चालत नव्हता, पण तो जुना ड्रायव्हर काढून नवा घातल्यावर शुद्धीवर आला. तेवढं एक बरं झालं.

— चिटणीस

प्रेषक: माजी अध्यक्ष

ताई, घाबरू नका. तुम्ही यादीसोबत पाठवलेला १९ पानी वृत्तांत मी उघडला. कंट्रोल-ए मारून सगळ्याचा फॉन्ट बदलून निर्मला केला, फरक पडला नाही. मग लक्षात आलं की जिथे जिथे लाल रेघ आहे तिथे स्पेलिंग चुकलं आहे. तेव्हा राइट-क्लिक करून एकेक दुरुस्त करत चाललो आहे. दीड पान झालं. अर्थ अजून लागत नाही, पण लाल रेघा कमी झाल्या आहेत.

प्रेषक: अंकाची मांडणी बघणारी

काका, हात जोडते, ती फाइल सेव्ह करू नका. आहे तशी बंद करा आणि "सेव्ह करायचं का?" विचारलं की नाही म्हणा.

ताई, व्हायरस वगैरे काही नाही. फाइल जशी होती तशीच आहे, तिचा चष्मा हरवलाय. या फायली युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आताच्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीने टाइप केलेल्या आहेत. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. उदाहरणार्थ कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलीत छोटा ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच अक्षरांनी लिहिलेला असतो. कृतिदेव मशीनवर असेल तर ती पाच अक्षरं 'मराठी' दिसतात, नसेल तर ती आपल्या खऱ्या रूपात समोर येतात. काका, तुम्ही त्यांचंच स्पेलिंग सुधारत होतात. छोट्या ईचा मोठा ई झाला तरी तिथे वेगळंच चित्र येतं. आणि फॉन्ट बदलून सेव्ह केलं की मूळ फॉन्टचं नावही फाइलीतून जातं, मग कोणता शोधायचा हेसुद्धा कळत नाही.

पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरलेला असतो, म्हणून अंक शाबूत दिसतात.

आता घाईचं. मुलाने फॉरमॅट केलं नसेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर असेल. त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स. तिथे आपले जुने फॉन्ट सापडायला हवेत. ते एका पेनड्राइव्हवर काढा, मग राइट-क्लिक करून इन्स्टॉल करा. हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तुमचा आज कितवा दिवस?

त्याच पेनड्राइव्हवर जुन्या डेस्कटॉपवरच्या फायलीही घ्या. आणि एक वेगळंच, पण राहून जायला नको: विंडोज ११ नव्याने घालून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळदा डिस्क न विचारता एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बघा आणि कागदावर उतरवा. खातं मुलाचं असेल तर आजच.

प्रेषक: चिटणीस

आठवा दिवस! फोल्डर आहे. फॉन्ट मिळाले, घातले, यादी उघडली आणि सगळी मंडळी जागच्या जागी. वृत्तांतही वाचता येतात. रिकव्हरी की मुलाच्याच खात्यात होती, ती डायरीत लिहिली.

मग आता हे असंच चालू द्यायचं का?

प्रेषक: खजिनदार

चालू द्या. चालतंय तर हात कशाला लावायचा? एक मात्र विचारायचं आहे. ही यादी एक्सेलमध्ये अकारविल्हे कधीच लागली नाही. किशोर, निशा, विजय असे सगळे एका गठ्ठ्यात येतात. इतकी वर्षं मी हातानेच लावतो आहे.

प्रेषक: अंकाची मांडणी बघणारी

दादा, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, म्हणून कि, नि, वि सगळे एकाच इंग्रजी अक्षराखाली गोळा होतात. एक्सेल बिचारं ए-बी-सी-डी लावतंय. युनिकोडमध्ये आधी अक्षर आणि मग वेलांटी, दिसायला डावीकडे असली तरी. त्यामुळे यादी तरी बदलाच. वृत्तांत फक्त पीडीएफ करून ठेवले तरी माझ्या मते पुरे, ते कोणी पुन्हा टाइप करणार नाही.

बदलण्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण लोकांचे पत्ते आणि फोन कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवर चिकटवू नका. आपल्याच मशीनवर चालणारा वापरा. आणि नंतर नजर टाकाच, कारण वेलांटी आणि रफार हमखास घसरतात. 'वर्गणी'चं 'वगर्णी' होतं. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला र तर मी दर वेळी हाताने बघते.

टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषांत मराठी जोडा, त्यात मराठी फोनेटिक कीबोर्ड घ्या, विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून अदलाबदल करा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डची सवय असेल तर उत्तमच, तिथे ऱ ला शिफ्ट आणि जे. मंगल फॉन्ट दिसत नाही म्हणून शोधत बसू नका. तो आता ऑप्शनल फीचर्समधल्या देवनागरीच्या जादा फॉन्टांत असतो. नाहीतर निर्मला आहेच.

प्रेषक: माजी अध्यक्ष

म्हणजे माझी निवड बरोबर होती, वेळ चुकली.

प्रेषक: चिटणीस

यादी युनिकोडमध्ये झाली. रफार तपासले, तरी एका पत्रात 'वगर्णी' गेलंच. वाचणाऱ्यांनी हसून सोडून द्यावं.

प्रेषक: खजिनदार

यादी पहिल्यांदाच अकारविल्हे लागली. लावताक्षणी दिसलं की एकच कुटुंब दोनदा आहे, एकदा आडनावाला ऱ्हस्व वेलांटी आणि एकदा दीर्घ. आधी या दोन ओळींत ४० ओळींचं अंतर होतं. गेली तीन वर्षं त्यांना वर्गणीची दोन-दोन पत्रं गेली आणि त्यांनी तिन्ही वर्षं दोनदा भरली. परत करायची की पुढच्या तीन वर्षांत धरायची?