सोरोरिटीत जावं का? अमेरिकेतल्या मंडळींनी मतं द्या

वऱ्हाडीमामा:
भाची यंदा ऑस्टिनला, टेक्सस युनिव्हर्सिटीत जातेय. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आधी सोरोरिटीचं 'रश' (नव्या मुली निवडायच्या फेऱ्या) असतं, त्यात उतरायचं म्हणते. (माहीत नसलेल्यांसाठी: सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाच्या मुलींच्या संघटना. त्यांनी निवडलं तरच आत, वर वर्गणी भरायची ती वेगळी.) दाजी म्हणतात, "शिकायला चाललीय की मिरवायला?" माझं मत, जाऊ द्यावं. पन्नास हजारांवर विद्यार्थी आहेत तिथे. नवख्या पोरीला हक्काच्या चार मैत्रिणी आणि पाठीशी वरच्या वर्षाची एक 'बिग' मिळत असेल तर बिघडलं कुठे?

कोथरूडची कैरी:
बिघडलं निवडीत. पोरी भर उन्हात नटूनथटून या सोरोरिटीच्या घरातून त्या सोरोरिटीच्या घरात जाणार, थोडा वेळ हसून बोलणार, आणि त्यांची पाठ वळली की आतल्या मुली कोण हवी, कोण नको ते ठरवणार. अलाबामा विद्यापीठाचं २०१३ चं प्रकरण आठवतंय? उत्तम गुणांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला घ्यायला आतल्या काही मुली तयार होत्या, पण माजी सदस्य बायकांनी मोडता घातला. त्याच मुलींनी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राला हे सांगितलं, तेव्हा कुठे विद्यापीठ हललं. १९६३ पासून कृष्णवर्णीय मुलं तिथे शिकताहेत बरं का!

भीमथडी:
प्रकरण खरं, पण अर्धीच गोष्ट सांगताय. ज्यांना दारं बंद होती त्यांनी आपली घरं बांधली. कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा काप्पा अल्फा, १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा. डेल्टाच्या पोरी स्थापनेनंतर दोनेक महिन्यांतच वॉशिंग्टनमधल्या बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. या बायका पदवीनंतरही संघटना सोडत नाहीत. कमला हॅरिस अल्फा काप्पा अल्फाच्याच, आणि २०२० च्या निवडणुकीत या 'भगिनी' त्यांच्या मागे कशा उभ्या राहिल्या ते सगळ्यांनी पाहिलं. मामा, देसी मुलींची काप्पा फाय गॅमा तर ऑस्टिनलाच १९९८ मध्ये सुरू झालीय. भाचीला ते दार दाखवलंत का?

ह्यूस्टनची सून:
मी अशाच एका देसी सोरोरिटीत होते (नाव नको). सक्तीचे अभ्यासाचे तास, मीटिंग चुकली की दंड. मिडटर्मच्या आदल्या रात्री गेले नाही म्हणून मलाही भरावा लागला होता, अजून राग येतो. पण सांगलीला आजी गेली त्या रात्री माझ्या बिगने तिकीट काढून दिलं, बॅग भरली आणि पहाटे विमानतळावर सोडलं. बॅगेत तिचा स्वतःचा स्वेटर निघाला.

कोथरूडची कैरी:
हे कुठलीही चांगली रूममेट करते हो. त्याला वर्गणी लागत नाही.

ह्यूस्टनची सून:
रूममेट नशिबाने मिळते. माझी तर माझ्याशी बोलायचीसुद्धा नाही.

चिंचेचं बोट:
पैशाचं कुणीच बोलेना! वर्गणी, टीशर्टं, फोटो, घरात राहायचं तर त्याचं भाडं. आणि रॅगिंग? डिसेंबर २०२४ च्या कायद्याने कॉलेजांना त्याची आकडेवारी जाहीर करायला लावलीय, ती उगाच नाही. मामा, आधी दाजींना खर्चाचा कागद द्या.

वऱ्हाडीमामा:
दाजींना कागद दिला. ते म्हणतात, एवढ्यात गाडीचा हप्ता निघेल. भाची म्हणते, मी लायब्ररीत काम करून भरीन. देसीचं विचारलं तर म्हणाली, "मामा, घरी देसीच आहे की सगळं." आता बोला.

भीमथडी:
मग रशमध्ये उतरू द्या. फक्त बिड (सोरोरिटीत यायचं आमंत्रण) नाही आली तर त्या संध्याकाळी फोन तुम्ही करा, दाजींना करू देऊ नका.