मदत हवी आहे: पाईपलाईनच्या चारीसाठी ट्रेंचर की जेसीबी?

कोरडवाहू:
मंडळी, बार्शी तालुक्यातल्या आमच्या शेतात विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत साधारण 2,000 फूट पाईपलाईन न्यायची आहे. पाईप 90 मिमी पीव्हीसी, चारी तीन फूट खोल. विहिरीकडची निम्मी जमीन भारी काळी. बांध ओलांडला की दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो आणि अगदी वर तर खडक उघडाच पडलाय.

गावात जेसीबी तासावर मिळतो. शेजारच्या तालुक्यातला एक जण ट्रॅक्टरमागे चेनचा ट्रेंचर (दातांची चेन फिरवून चारी खणणारं यंत्र) लावून फुटाच्या हिशेबाने चारी मारून देतो. नुसता ट्रेंचर भाड्याने द्यायचीही त्याची तयारी आहे. आमच्याकडे 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे, त्यामुळे वडिलांचं एकच पालुपद: घरचं अवजार असताना दुसऱ्याचं घर कशाला भरायचं? चुलतभावाचा रोटाव्हेटरवर हात बसलाय, पण असली चेन त्याने कधी चालवलेली नाही.

तर काय करावं? आणि चालवताना नेमकं कशाला जपायचं? 11 केव्हीची विजेची लाईन एका ठिकाणी रानावरून जाते, आणि मधे शेजाऱ्यांचा एक पट्टा लागतो, हेही सांगून ठेवतो.

वाफसा:
ट्रॅक्टर किती एचपीचा हे नंतर बघू. आधी त्याला क्रीपर गिअर, म्हणजे अगदी संथ चालीचा गिअर, आहे का सांगा. ट्रेंचरला पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांवर फिरता हवा आणि ट्रॅक्टर मात्र गोगलगायीसारखा सरकायला हवा. साधा लो-फर्स्ट (सर्वात खालचा गिअर) ताशी दोन किलोमीटर धरला तरी मिनिटाला 33 मीटर झाले. तीन फूट खोल चारी त्या वेगाने कोणतीच चेन काढत नाही. मग लोक अर्धा क्लच दाबून चालवतात आणि क्लच प्लेट जाळून घेतात. त्यात क्लच एकेरी (चाकांना आणि पीटीओला मिळून एकच) असेल तर तो दाबला की पीटीओही थांबतो, म्हणजे चेन मातीत अडकून उभी.

दुसरं, चेन कुठे चालवायची तर काळ्या रानात, तेही वाफशावर, म्हणजे ओल बेताची असताना. ओल जास्त असेल तर चिखल दातांत लिंपून बसतो, चेन फिरते पण माती वर येत नाही. मऊ मुरूम कार्बाईडचे दात लावून निघतो. खडकावर मात्र दात मोडतील, बाकी काही होणार नाही. शिवाय चेन खाली असताना ट्रॅक्टर एकदम वळवता येत नाही. वळण हवं तिथे बूम (चेन बसवलेला दांडा) उचलून नवी सुरुवात करा.

साईट_सुपरवायझर:
वाफसा यांच्याशी सहमत. मी उलट्या टोकाने सांगतो. मशीन ठरवण्याआधी पाईपलाईनच्या वाटेवर दर दोन-तीनशे फुटांवर पहारीने तीन फूट खोल खड्डे घ्या. बांधाच्या वरच्या अंगाला जरा जवळजवळ घ्या. एक दिवस मोडेल, पण मुरूम नेमका कुठे सुरू होतो ते कळेल आणि दर ठरवताना समोरचा "खाली दगड लागला" म्हणून तुम्हाला फिरवू शकणार नाही.

माझा अंदाज, तुमचं काम दोघांत वाटावं लागेल: काळ्या रानात ट्रेंचर, वर जेसीबी. जेसीबीला एक फुटी बकेट लावायला सांगा. नेहमीच्या मोठ्या बकेटने चारी उगाच रुंद होते आणि बुजवताना तेवढीच माती पुन्हा ओढावी लागते. खडकाचा तुकडा छोटा असेल तर ब्रेकर (खडक फोडायचं यंत्र) फक्त तेवढ्यापुरता बोलवा.

आता सुरक्षेचं, हे जरा सविस्तर लिहितो.

पीटीओ शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर नसेल तर यंत्र परत पाठवा. उपरणं, पंचा, सुटा शर्ट, पदर यातलं काहीही जवळ नको. चेन फिरत असताना मागे किंवा माती पडते त्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, दगड गोफणीतून सुटल्यासारखा येतो. आणि सर्वात जास्त हात कधी जातात तर चेनमध्ये दगड अडकल्यावर. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी दगड काढणाऱ्याच्या खिशात, मगच पहार लावायची. अडकलेली चेन ताणलेली असते, दगड निघताच ती झटका देते. त्यामुळे बोटं घालून बघू नका.

जेसीबीचं भय निराळं. त्याचा बूम, म्हणजे खणायचा हात, वर गेला की ऑपरेटरला विजेची तार दिसेलच असं नाही, म्हणून एक माणूस फक्त तारेकडे बघायला ठेवा, दूर उभा करून. आणखी चांगलं म्हणजे तारेखालचा तो टप्पा हाताने खणा. समजा बूम तारेला लागलाच, तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब व्हायचं, महावितरणकडून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

विहिरीचा काठ राहिलाच. जुनं दगडी बांधकाम असेल तर जेसीबीचे पाय तिथे टेकवू नका. शेवटचे पंधरा-वीस फूट टिकाव-फावड्याने करा.

कोरडवाहू:
क्रीपर नाही हो! वडिलांना तुमचा 33 मीटरचा हिशेब वाचून दाखवला. "मग त्यालाच ट्रॅक्टरसकट बोलव" म्हणाले. ट्रेंचरने पडणारी चारी सहा-आठ इंच रुंद असेल, तर माणूस आत उतरून पाईप कसे जोडणार?

साईट_सुपरवायझर:
उतरायचंच नाही, तोच तर फायदा! पाईप वर काठालगत सोल्युशनने जोडा, जोड नीट धरू द्या, मग चार-पाच जणांनी मिळून हळूहळू खाली सोडा. पुढेमागे कुठे चारी पाच फुटांच्या वर गेलीच, तर आधार लावल्याशिवाय किंवा बाजू उतरत्या केल्याशिवाय आत कोणालाही उतरवू नका. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही श्वास घेऊ शकत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन तर कमी खोलीवरही ढपल्याने सुटते. उपसलेली माती काठापासून दोन फूट तरी लांब पडू द्या.

बांधावरची_बाभळ:
शेजाऱ्यांच्या पट्ट्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. त्यांची तोंडी संमती असली तरी कागदावर घ्या, गट नंबर टाकून. संमती मिळत नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 49 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्यात पाईप निदान अर्धा मीटर खोल असावा अशी अट आहे, तुमची तीन फुटांची चारी त्यात बसते.

शेजाऱ्यांना हेही विचारा की त्यांची लाईन किंवा मोटारीची केबल कुठून गेली आहे. आपल्याकडे रानात इतक्या जुन्या लाईनी आडव्या-उभ्या गाडलेल्या असतात आणि नकाशा फक्त एखाद्या आजोबांच्या डोक्यात असतो. त्या आजोबांना घेऊन लाईनीवरून चाला, चुना टाका. आडवी लाईन आहे तिथे दोन्हीकडे काही फूट हातानेच. रस्ता ओलांडत असाल तर ग्रामपंचायत किंवा बांधकाम खात्याची परवानगी लागेल. तिथे दूरसंचारची केबलही असू शकते. त्यासाठी 2023 मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं आहे, त्यावर खोदाईची आगाऊ सूचना देता येते.

वाफसा:
बुजवताना एक लक्षात ठेवा. ट्रेंचरची माती भुसभुशीत येते, ती थेट पाईपवर टाकली तरी चालते. जेसीबीच्या टप्प्यात मुरमाचे टोकदार दगड असतात, तिथे पाईपच्या खाली-वर सहा-सहा इंच बारीक माती टाका. आधी जोड उघडे ठेवून बाकी पाईप झाका, मोटार चालवून गळती बघा, मग पूर्ण बुजवा. काळी माती बसते, त्यामुळे वर वरंबा ठेवा.

कोरडवाहू:
खड्डे परवापासून घेतो. ट्रेंचरवाल्याशी बोलताना दात मोडले तर खर्च कोणाचा, हे आधी ठरवावं का?

साईट_सुपरवायझर:
हो, आणि मशीन बंद पडून राहिलं तर चारी उघडी किती दिवस राहणार हेही. रोज जेवढी चारी निघेल तेवढ्यात पाईप सोडून ती झाकायची, असं ठरवून घ्या. काही भाग उघडा राहिलाच तर काट्या लावा. रात्री गुरं आणि मोटारसायकलवाले दोघंही त्यात पडतात.