गोचीड, फटाके आणि पोदेराचा हॉर्न: घरातल्या कुत्र्या-मांजरांचे अनुभव लिहा

फोंडा

पाऊस सुरू झाला की आमच्या घरात दर वर्षी कोणीतरी आजारी पडतं, आणि मागच्या वर्षी तो नंबर आमच्या मोत्याचा लागला म्हणून हा धागा काढतोय. कुत्रा, मांजर, पोपट, ससा, जे काय पाळलंय त्याचं दुखणं, खोड्या, तुम्ही काय चुकलात ते पण लिहा, उपदेश नको, घडलेलं लिहा.

सुरुवात मी करतो. जून महिना, १ तारखेपासून मासेबंदी, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, म्हणजे बाजारात मासे कमी आणि जे आहेत ते परवडत नाहीत. मोत्या शीत-कढी खाऊन वाढलेला, पण त्यात बांगड्याचा तुकडा नसेल तर ताट हुंगून निघून जाणारा. तर दोन दिवस त्याने खाल्लं नाही आणि आम्ही सगळे हसतोय, की बघा, रुसला, मासे नाहीत म्हणून उपास करतोय. तिसऱ्या दिवशी उठेना. उचलून डॉक्टरकडे नेला तर त्यांनी आधी ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पांढऱ्याफटक. रक्त तपासलं, प्लेटलेट पार खाली, गोचीडताप. आणि मी छातीठोक सांगत होतो की आमच्या कुत्र्याला गोचीड नाहीत! डॉक्टरांनी कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात दाखवले, मी नुसता पाठीवरून हात फिरवून बघत होतो. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन. जरा बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडायच्या नाहीत, हे तीनदा बजावलं, कारण आठव्या दिवशी तो परत शेपूट हलवायला लागला तेव्हा आमची आई म्हणालीच की आता कशाला एवढी औषधं. पोटातून द्यायची त्यामुळे रिकाम्या पोटी नाही, नाहीतर ओकतो.

आता रोज रात्री हिरड्या आणि बोटं बघतो. आणि हो, अंगणातल्या लादीच्या भेगा आणि भिंतीचे कोपरे पण साफ करा, कारण गोचीड अंडी कुत्र्यावर घालत नाही, खाली उतरून तिथं घालते. हे मला ४२ व्या वर्षी कळलं.

म्हापसा

आमचं आजारपण नाही, आमचं भुंकणं. सकाळी साडेसहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, सायकलचा हॉर्न वाजला पों पों की आमचा ब्राउनी गेटवर असा तुटून पडायचा की पोदेर पाव लांबून फेकायला लागला, खरंच. घरात पाच माणसं आणि पाच हुकूम, मी म्हणते गप, नवरा म्हणतो सिट, मुलगा शट अप, सासरे काठी आपटतात, आणि सासूबाई ओगी राव (गप्प राहा) म्हणून पोईचा, कोंड्याच्या पावाचा, एक तुकडा त्याच्यापुढे टाकतात. तो गप्प बसतो. सगळे खूश. आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात.

मैत्रिणीने सांगितलं की अगं तुम्ही त्याला भुंकायचा पगार देताय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग ठरवलं, शब्द एकच, बस, आणि पोई मिळणार ती पार्श्वभाग जमिनीला टेकल्यावरच. पोदेराला पण विनंती केली, तो बिचारा गेटबाहेर थांबायचा आणि ब्राउनी बसल्याशिवाय पिशवी उघडायचा नाही. पहिले चार-पाच दिवस भुंकणं दुप्पट झालं, मला वाटलं सोडून द्यावं, शेजारची बाय पण बोलली. पण नेमकं तेव्हाच सोडायचं नसतं, कारण तो बघत असतो की आणखी जोर लावला तर जुना पगार सुरू होतो का. तीन आठवडे लागले. सासूबाईंना तयार करायला त्याहून जास्त.

वास्को

मांजरवाले कोणी आहेत की नाही इथे? माझी चूक लिहिते, कोणीतरी वाचेल. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही. कुत्र्याच्या मानेवर थेंब टाकायचं गोचीडाचं औषध उरलं होतं, म्हटलं मांजरीला अर्धं टाकू, लहान जीव आहे म्हणून अर्धं, एवढीच माझी अक्कल. तीन-चार तासांत ती थरथरायला लागली, कान आणि चेहरा फडफडत होता, चालताना पाय पडत नव्हता. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि गुंडाळून लगेच आणा. औषधात पर्मेथ्रिन होतं, कुत्र्याला चालतं, मांजरीच्या लिव्हरला ते पचवता येत नाही. दोन दिवस सलाईनवर राहून वाचली. तेव्हाच कळलं की पॅरासिटामॉल तर मांजरीला अजिबातच नाही, अर्धी गोळी जीव घेऊ शकते. आमच्याकडे माणसाला ताप आला तर तीच गोळी, कुत्र्याला ताप आला तरी तीच, मांजरीलाही तीच द्यायची सवय आहे ना, म्हणून लिहिलं.

वाळपई

घोणस. पावसात लाकडांच्या ढिगाखाली होती, आमच्या काळूने तोंड घातलं. नाकपुडीवर दोन दात. पाच मिनिटांत तोंड भोपळ्याएवढं. शेजारी म्हणत होते ब्लेडने कापा, दोरी बांधा, मी काही ऐकलं नाही, त्याला चालू दिलं नाही, उचलून गाडीत घातला आणि गेलो. सर्पदंशाचं इंजेक्शन माणसाचंच, कुत्र्यालाही तेच देतात. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, आमच्या डोंगरातल्या चापडा जातीच्या सापांवर नाही. काळू वाचला. त्याच्या आधीचा एक वाचला नव्हता, तेव्हा आम्ही आधी मांत्रिकाकडे गेलो होतो. ढीग आता घरापासून लांब, जमिनीपासून वर, फळ्यांवर.

मडगाव

मोत्यावाल्या दादांनी गोचीडाचं लिहिलं म्हणून लसीचं पण लिहितो. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे सांगतात की गोव्यात रेबीज संपला, मग इंजेक्शन कशाला. अहो २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित जाहीर झाला, नियंत्रित म्हणजे नाहीसा नव्हे. आणि तो आटोक्यात आला तोच मुळी मिशन रेबीज संस्थेवाले आणि सरकारी माणसं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना टोचत होते, टोचलेल्याच्या अंगावर रंगाची खूण करत होते म्हणून. टोचणं थांबवलं की झालं. पिल्लाला तीन महिन्यांनी पहिलं, मग बूस्टर डॉक्टर सांगतील तसं. आमच्या मुलाला घरच्याच पिल्लाचा दात लागला होता, ते पिल्लू आणून चारच दिवस झाले होते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुतली आणि सरकारी इस्पितळात गेलो. बायको म्हणाली घरचंच पिल्लू आहे, मी म्हटलं चार दिवसांत घरचं कसं झालं?

डिचोली

फटाके! गणपतीची चवथ आणि मग दिवाळीतली नरकासुराची रात्र. पहाटे चार वाजता नरकासुराचा पुतळा जळतो, धडाधड माळा, आणि आमची चिंगी दोन वर्षांपूर्वी साखळी तोडून पळाली ती तिसऱ्या दिवशी मये तळ्याच्या बाजूला सापडली, पंजे सोललेले. तेव्हापासून संध्याकाळी उजेड असतानाच फिरवून आणतो, मग आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा फुल, रेडिओ मोठा, पलंगाखाली तिचं जुनं गोणपाट. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर. आधी मला सांगितलं होतं की घाबरल्यावर जवळ घेऊ नको, लाडावते, मी वर्षभर तसंच केलं आणि ती आणखीच कोपऱ्यात. आमच्या आताच्या डॉक्टर म्हणतात भीतीला लाड लागत नाहीत, जवळ येत असेल तर बसू दे. स्वतःच्या मनाने झोपेची गोळी मात्र देऊ नका, आधी विचारा.

पेडणे

शॅकवरचा, किनाऱ्यावरच्या झोपडी-हॉटेलातला, कुत्रा आणलाय. सीझन संपला, पर्यटक गेले, शॅक उतरले आणि तो तिथेच बसून. सहा महिने लोकांच्या हातचे फ्राईज आणि चिकनची हाडं खाल्लेला. शिजवलेलं हाड फुटून घशात अडकलं होतं, काढलं. आता नाचण्याची पेज, अंडं, भोपळा खातो, पण जेवणाच्या वेळी कोणीही खुर्ची ओढली की जाऊन त्याच्याकडे प्रेमाने बघतो. हे कसं सोडवायचं? म्हापशाच्या ताई, तुमच्या सासूबाईंना कसं तयार केलं ते सांगा, माझ्याकडे सासरे आहेत.

म्हापसा

दादा, सांगून उपयोग नाही झाला. शेवटी पोई ठेवायचं काम मी त्यांच्याचकडे दिलं, आणि ब्राउनीला म्हटलं, आजी बस म्हणेल तेव्हाच मिळेल. आता पोदेराच्या आधी त्याच गेटवर जाऊन उभ्या असतात. एकदा ब्राउनी बसला नाही तर त्यांनी पोदेरालाच परत पाठवला, आम्ही त्या दिवशी चपात्या खाल्ल्या.