बी विंगमागची जागा: पार की पार्किंग?

सचिव: रविवारच्या सभेत बी विंगमागच्या मोकळ्या जागेचा विषय आहे. पेव्हर टाकून तीन गाड्या लावायच्या, की बसायला जागा करायची? मतं इथेच मांडा.

ए-३०२: पार्किंगला माझा विरोध. नेरूळमध्ये बागा आहेत, पण तिथे शेजारी भेटत नाहीत. बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत बघून या. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सात-सात घरं साधारण ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती बसवली. असे तीन गट मिळून २१ घरांना मध्ये १२ बाय १२ मीटरचा चौक. एवढ्या अंतरावर चेहरा ओळखू येतो, साधी हाक ऐकू जाते. आपली जागा ९ बाय ७ मीटर आहे, टेपने मोजली.

बी-५०१: छान होईल. पिंपळ लावूया का? पाराला शोभेल.

सी-१०४: पिंपळ, वड नको ताई. पाण्याची टाकी चार मीटरवर आहे, मुळं थेट भिंतीत शिरतील. गुलमोहराच्या फांद्या पावसाळी वाऱ्यात मोडतात. बकुळ लावा. सावली दाट, आणि फुलं वेचायला पोरं आपोआप जमतात. वाढ सावकाश असते, म्हणून रोप सहा-आठ फुटी घ्या. खड्डा सगळीकडून १ मीटर. खाली भरावाचा मुरूम आणि डबर निघेल, तो तसाच परत लोटू नका. लाल माती आणून तिसरा हिस्सा शेणखत मिसळा. लावणी पहिला चांगला पाऊस पडल्यावर. बुंध्याभोवती दीड मीटर चौरस माती उघडीच हवी. सिमेंटचा पार खोडाला चिकटून बांधला की पाणी मुरत नाही, खोड जाड झालं की बांधकाम तडकतं आणि मग कुऱ्हाड झाडावर चालते.
कट्टा ४५ सेंमी उंच, बसायला तेवढाच रुंद, दोन बाजू काटकोनात. एका ओळीत बाकडी मांडली तर माणसं बोलत नाहीत. एका बाजूला पाठ आणि धरायला दांडा द्या, गुडघेदुखीवाल्यांना त्याशिवाय उठता येत नाही. वर काळा कडप्पा नको, उन्हाळ्यात संध्याकाळीही चटके बसतात.

बी-००२: बेडरूमची खिडकी तिकडेच आहे. रात्रीच्या गप्पांचं काय?

सी-१०४: रास्त आहे काकू. कट्टा खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात घेऊ. दिवा गुडघ्याइतका खाली, पिवळसर, टायमरवर. दहाला बंद.

ए-३०२: नावाचंही बघू. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, त्याआधी इथे गावं, भातशेती, मिठागरं होती. नेरूळ, वाशी, घणसोली ही नावं त्या गावांचीच, सेक्टरला मात्र नुसता आकडा. गावठाणातल्या जुन्या आगरी-कोळी मंडळींना विचारू, या तुकड्याला काय म्हणायचे. तेच पाटीवर, मराठीत, ठळक.

सचिव: मंजूर नकाशा काढून पाहिला. ही जागा आर.जी. (खेळ-करमणुकीसाठी राखीव मोकळी जागा) दाखवली आहे, त्यामुळे पार्किंगचा विषय इथेच थांबवतो. अग्निशमन गाडीचा रस्ता पलीकडून जातो, अडचण नाही. ए-३०२, मोजमापाचा कागद आज टाका. त्यावरच तीन कोटेशन मागवतो.