अमेरिकेचं तिकीट कुठून काढू? कॅन्सल होऊ शकते

मंडळी, मदत पाहिजे. ताईची डिलिव्हरी न्यूजर्सीला आहे, आईला नागपूरहून पाठवायचंय, पण तिचा बीपी वरखाली होऊन राह्यला म्हणून ऐनवेळी कॅन्सल करावं लागू शकते. एजंट साइटवर स्वस्त दिसते, पण मागच्या वेळी अशाच एका साइटने स्वतःचा चार्ज वेगळा कापला होता. थेट एअरलाइनकडून फ्लाइटच्या किमान ७ दिवस आधी काढलं तर अमेरिकेच्या नियमाने २४ तासांत फुकट रद्द होते किंवा भाव होल्ड मिळते, पण त्यानंतर काय? रिफंडेबल फेअर घेऊ, की साधं तिकीट आणि इन्शुरन्स? आधीपासून बीपी असला तर क्लेम देतात का? आणि नागपूर-मुंबई त्याच पीएनआरवर ठेवू न? कोणाला खरंच पैसे परत मिळाले असतील तर सांगा न, आईने डिंकाच्या लाडवाचं सामानही आणून ठेवलं.