चंद्राचं खळं आणि कावळ्याचं घरटं

निसर्गातल्या खुणांवरून पावसाचा अंदाज बांधणं ही निव्वळ अंधश्रद्धा, असं काही जण म्हणतात; ते मला सरसकट पटत नाही. चंद्राला पडणारं खळंच घ्या. खूप उंचावरच्या पातळ ढगांतले बर्फाचे षटकोनी स्फटिक प्रकाश वळवतात आणि चंद्रापासून साधारण २२ अंशांवर कडं दिसतं. हे ढग बरेचदा येणाऱ्या पावसाळी हवेच्या पुढे चालतात, म्हणून एक-दोन दिवसांत पाऊस येण्याची शक्यता खरोखर वाढते. दर वेळी येतोच असं नाही.

संध्याकाळच्या तांबड्या आभाळाचा ठोकताळा मात्र जागा बघून वापरावा. जिथे हवामान पश्चिमेकडून पूर्वेला सरकतं, तिथे मावळतीला लाली म्हणजे पश्चिमेचं आभाळ मोकळं, उद्या उघडीप. उष्ण कटिबंधात बऱ्याच ठिकाणी वारे पूर्वेकडून येतात, तिथे हाच ठोकताळा फसतो.

कावळ्याच्या घरट्यावरून अख्ख्या पावसाळ्याचं भाकीत? इथे मी थांबतो. घरटं बांधताना तो फांदी आणि सुरक्षितता बघत असणार. पुढच्या चार महिन्यांचा पाऊस त्याला कुठून कळावा? पण तुमच्याकडच्या जुन्या माणसांना अशा खुणा माहीत असतील तर त्या जरूर लिहून ठेवा, तारखेसकट, आणि पुढे पाऊस खरंच कधी पडला तेही शेजारी नोंदवा.