सिस्टरांच्या पन्नास वर्षांना 'त्याग' म्हटलं की आपण सुटलो का?

वेण्णाकाठ

गेल्या रविवारी साताऱ्यात एका कार्यक्रमाला गेलो होतो. तीन कॅथलिक सिस्टरांच्या (म्हणजे नन, नर्स नव्हे) व्रतांना पन्नास वर्षं झाली. त्यातल्या एक मला सहावीत गणिताला होत्या. आम्ही ख्रिस्ती नव्हे, घरात सज्जनगडची दासनवमी कधी चुकलेली नाही, पण बाईंचा निरोप आला म्हणजे जायचंच. मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली, मग हॉलमध्ये भाषणं. नऊ जण बोलले. मागे बसून मला दुसरं काम नव्हतं म्हणून मोजलं: 'त्याग' एकतीस वेळा. 'काम' हा शब्द दोनदा आला, त्यातला एक मंडपवाल्याबद्दल.

मग तिघींना बोलायला उभं केलं. एकीनं नुसती प्रार्थना म्हटली. दुसऱ्या मूळच्या केरळच्या, पण चाळीस वर्षं माणदेशात दवाखान्यात काढलेली, त्यामुळे "आवो, आमाला काय येत व्हतं तवा?" असं म्हणाल्या आणि हॉल हसून हसून लोळला. शेवटी आमच्या बाई. त्या म्हणाल्या, "सगळे म्हणतात मी घर सोडलं, संसार सोडला. खरं सांगते, मला गणित शिकवायचं होतं. १९७० साली आमच्या घरात बारावं माणूस मी. पुढं शिकवायला कोण बसलं होतं?" टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना कळेना, हे वाक्य टाळ्यांचं आहे का.

नंतर चहाला त्यांच्याजवळ बसलो. पिशवीत एक शंभर पानी वही. रोजचा खर्च लिहून महिनाअखेर सुपिरियरना, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरना, दाखवायचा. एक पान पाहिलं: केळी २०, रिफिल १०, एसटी ०. पंचाहत्तरी झाल्यामुळे एसटी फुकट, तरी शून्य लिहिलेलं. चष्म्याची काडी तुटलेली, तिला दोरा गुंडाळलेला. "पुढच्या महिन्यात मागते" म्हणाल्या.

ह्या बाईंनी अनुदानित शाळेत एकतीस वर्षं सरकारी स्केलवर नोकरी केली. पगार सिस्टरांच्या संस्थेत, आता पेन्शनही संस्थेत. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. त्या पैशातून मुलींचं वसतिगृह उभं राहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की हा त्याग नाही, हे काम आहे. त्याग म्हटलं की हार घालायचा आणि घरी जायचं. काम म्हटलं की विचारावं लागतं, कुणी केलं, किती केलं, ठरवलं कुणी, आणि म्हातारपणी चष्म्याची काडी कोण बदलणार. शब्द बदलायला हवा की नको?

शेंगाचटणी

नको. तुम्ही व्रताचं ऑडिट करायला निघालात.

मी सांगलीचा, जैन. माझी सख्खी आत्या आर्यिका, म्हणजे दिगंबर साध्वी, आहे. पांढरी साडी, मोरपिसांची पिंछी, कमंडलू, दिवसातून एकदा आहार, केशलोच, म्हणजे केस उपटणं, हातानं. चातुर्मासाला आमच्या भागात आल्या की मी दर्शनाला जातो आणि त्या मला भाचा म्हणून ओळखसुद्धा दाखवत नाहीत. पहिल्या वर्षी मला राग आला होता. आता कळतं की तोच त्यांच्या निवडीचा मान आहे. त्यांना जाऊन "तुमचं पासबुक कुठाय" विचारणं म्हणजे त्यांनी जे समजून-उमजून टाकलं ते पुन्हा त्यांच्या गळ्यात बांधणं. तुमच्या बाईंनी दारिद्र्याचं व्रत घेतलंय. दोरा गुंडाळलेला चष्मा तुम्हाला टोचतो, त्यांना टोचत नसेल.

वेण्णाकाठ

आत्यांबद्दल पूर्ण आदर. पण आत्यांनी मस्टरवर एकतीस वर्षं सही केली नाही. फरक तिथंच आहे.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून थोडा कायदा. हा प्रश्न कोर्टात जाऊन आलाय. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून टीडीएस कापायचा की नाही, यावर वर्षानुवर्षं भांडण होतं. चर्चची बाजू अशी की दारिद्र्याच्या व्रतामुळे पगार त्या व्यक्तीचा नसतोच, तो थेट संस्थेचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बाजू फेटाळली. पगार व्यक्तीच्या नावानं निघतो, तो व्यक्तीला मिळाला, पुढं तिनं कुणाला दिला हा तिचा प्रश्न, कर लागणार.

म्हणजे कायद्याच्या डोळ्यांनी वेण्णाकाठ बरोबर आहेत, पगार बाईंचाच होता. गंमत अशी की हे बाईंच्या फायद्यासाठी ठरलं नाही, आयकर खात्याच्या फायद्यासाठी ठरलं.

मिरज पॅसेंजर

आमच्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात सिस्टरांनी जी सेवा केली तिला तोड नाही. त्यांना कुणी पगार विचारला नाही.

कोयनामाई

मिरज पॅसेंजर, गल्लत होतेय. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल प्रेस्बिटेरियन मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंट. १८९४ चं. वाईचं मिशन हॉस्पिटल अमेरिकन मराठी मिशनचं, तेही प्रोटेस्टंट. तिथल्या 'सिस्टर' म्हणजे नर्स. माझी आई मिरजेला सिस्टर होती. तिला पगार होता, नाईट होती, नवरा होता, आणि तिला पगार विचारला नाही असं कसं, पगाराच्या दिवशी आमच्या घरात मटण असायचं. धागा कॅथलिक व्रतस्थ सिस्टरांबद्दल आहे. पाचगणीचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट बघा, १८९५ पासून आहे. ते सुरू करणाऱ्या डॉटर्स ऑफ द क्रॉसच्या सिस्टर्स. ती संस्था १८३३ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला निघालेली.

नर्सला आपण सिस्टर म्हणतो तो शब्दही मुळात ह्यांच्याकडूनच आला, तेवढं मात्र खरं.

टेंभूचा पाट

सगळे इतके हळवे झालात म्हणून विचारतो. सेवा, सेवा म्हणता, पण कॉन्व्हेंटच्या प्रवेशाला माणूस किती खेटे घालतो ते बघा. माझ्या मुलीच्या वेळी एका शाळेत (नाव नको) मला साध्या ऑफिसात बसू दिलं नव्हतं, मराठीत बोलतो म्हणून. आणि सेवेमागे धर्मांतर आहे हे म्हटलं की लगेच आम्ही वाईट.

वेण्णाकाठ

ऑफिसातला अनुभव वाईट आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. धर्मांतराचं म्हणाल तर मी त्या शाळेत सात वर्षं होतो, वर्गात चाळीसपैकी अडतीस आम्हीच. बाहेर पडताना वर्गमूळ यायला लागलं होतं, बाकी जसा होतो तसाच.

टेंभूचा पाट

तुमचं एकट्याचं उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे.

अर्ध्यातून परतलेली

इथं लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी नऊ वर्षं आत होते. बारावीनंतर गेले, नोव्हिशिएट (व्रतांआधीची तयारी) केलं, प्रथम व्रतं घेतली, दरवर्षी ती नवी करत राहिले आणि अखेरच्या व्रतांच्या आधी बाहेर आले. तेव्हा दोन्ही बाजूंना थोडं थोडं ओळखते.

शेंगाचटणी म्हणतात समजून-उमजून. अठराव्या वर्षी? काही समजून, काही न समजून. पण माझी मोठी बहीण त्याच सुमाराला लग्न करून गेली, तिनं किती समजून केलं? तेविसाव्या वर्षी मी जीप चालवत होते, दवाखान्याची औषधांची ऑर्डर मी काढत होते, ग्रामसेवकाशी भांडून नळाचं कनेक्शन मी आणलं. बहिणीला माहेरी यायचं तर सासूला विचारावं लागायचं. मलाही विचारावं लागायचं, सुपिरियरना. पण सुपिरियर सहा वर्षांनी बदलते हो, सासू बदलत नाही.

आता दुसरी बाजू. कपड्यांवर नंबर टाचलेला असायचा, धुण्यात गल्लत होऊ नये म्हणून. माझा सतरा. कॉन्व्हेंट बदललं तरी उसवायचा आणि नवा टाचायचा. निघाले त्या दिवशी मी खोलीत बसून सतरा नंबर उसवत होते, आणि मग लक्षात आलं की हे कपडे तर इथंच ठेवायचेत. हातात एक सुटकेस, दोन पंजाबी ड्रेस, तीन महिने पुरतील इतके पैसे. चर्चच्या कायद्यात कलम ७०२ आहे: बाहेर पडणाऱ्याला केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येत नाही, पण संस्थेनं न्यायानं आणि प्रेमानं वागावं. प्रेमाचा आकडा लिहिलेला नाही. कुठं भरपूर देतात, कुठं बसभाडं. मला मधलं मिळालं. नऊ वर्षांच्या कामाचा कागद मात्र नाही, अनुभवाचा दाखला मागायला मला तीन पत्रं लिहावी लागली.

वेण्णाकाठ, तुमच्या बाई आत राहिल्या म्हणून तुम्हाला शब्दाचा प्रश्न पडला. शब्द कोणताही वापरा. जी बाहेर येते तिला गाव काय म्हणतं माहितेय? "पळून आली." त्यागाचा शब्द मोठा केला की ह्या शब्दाची धार वाढते.

शेंगाचटणी

ताई, हे वाचून गप्प बसलो. दाखल्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, निघणाऱ्याला कामाचा कागद मिळालाच पाहिजे. पण मूळ मुद्द्यावर मी तिथंच आहे. काही माणसं निघाली म्हणून राहिलेल्यांच्या व्रताला नोकरी म्हणायचं का? नोकरीवाला पाच वाजता घरी जातो.

वेण्णाकाठ

म्हणूनच तर. चोवीस तासांचं काम ते जास्त काम, कमी काम नव्हे.

भुईगाव ते भुईंज

मी माहेरची वसईची, सासर भुईंज. (हो, नावावरून सगळे हसतात.) माझी मावशी सिस्टर, ऐंशी पार. आमच्याकडे एकेका घरातून एक तरी फादर किंवा सिस्टर असायचीच. आईच्या पिढीत आठ-दहा भावंडं, एक देवाला दिली तरी घर भरलेलं. आता घरात एक मुलगी, तिला कॅनडाला जायचंय. जगभरचे आकडेही तेच सांगतात, १९७० च्या सुमाराला सिस्टरांची संख्या दहा लाखांच्या आसपास होती, आता सहा लाखांच्या खाली आलीय.

मावशीला कोण बघतं? तिच्याच संस्थेच्या दोन तरुण सिस्टर, एक झारखंडची, एक ओडिशाची. रात्री दोनदा उठून कूस बदलतात. मावशीची वसईची बोली त्यांना येत नाही, त्यांची मावशीला नाही, मराठी तिघींची मोडकी. मागच्या महिन्यात गेले तेव्हा मावशी त्यातल्या एकीला आमच्या आजीच्या नावानं हाक मारत होती आणि ती ओ देत होती. म्हातारपणाचं म्हणाल तर माझ्या सासूबाईंना तीन मुलगे आहेत आणि इतकं कुणी करत नाही. पेन्शन संस्थेत गेली ती अशी परत येते. हिशेबनीसांनी हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

हिशेबनीस

रकाना आहे. फक्त त्या ओडिशाच्या मुलीची कूस पन्नास वर्षांनी कोण बदलणार, हा आकडा मला जुळत नाही. खालून माणसं यायची थांबली की वरची व्यवस्था कागदावरच राहते.

कोयनामाई

पगार, पेन्शन ह्यात तुम्ही अडकलात. तीन व्रतांत दारिद्र्य सर्वात सोपं. ब्रह्मचर्यावर सगळे कुजबुजतात. खरं कठीण आहे आज्ञापालन, आणि आज्ञा शेवटी पुरुषांच्या दारात जाऊन थांबते. २०१८ मध्ये कोचीत सिस्टर रस्त्यावर उपोषणाच्या मंडपात बसल्या, एका बिशपांवरच्या आरोपाची दाद लागावी म्हणून. २०२२ मध्ये कोर्टानं त्या बिशपांना निर्दोष सोडलं, त्यावर मी बोलत नाही. मी बोलते ते बसण्यावर. आज्ञेचं व्रत घेतलेल्या बायका मंडपात बसायला किती कळ काढून आल्या असतील! २०१८ च्याच मार्चमध्ये व्हॅटिकनच्या दैनिकाच्या महिला मासिकात लेख आला होता, की सिस्टर बिशप-कार्डिनलांच्या घरी स्वयंपाक-धुणं करतात, बिनपगारी, आणि टेबलावर बसायला त्यांना बोलवत नाहीत. बाहेरच्यांनी नाही, त्यांच्याच घरात छापलं. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा एक सिस्टर, सिमोना ब्राम्बिला, व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या. तेही कुठलं खातं, तर ह्या व्रतस्थांचंच. इतकी वर्षं सिस्टरांचा कारभारही पुरुषच बघत होते!

शेंगाचटणी

हे मात्र आमच्याकडंही आहे. आचार्य पुरुषच.

मिरज पॅसेंजर

साताऱ्यात बसून हे बोलताय तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी, रयतमाउली लक्ष्मीबाई आठवा. बोर्डिंगातल्या पोरांसाठी दागिने गेले, शेवटी मंगळसूत्र मोडलं. त्याला त्याग नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

वेण्णाकाठ

म्हणा. पण पहाटे उठून त्या पोरांच्या भाकरी थापल्या, आजारी पोरं सांभाळली, त्याची आठवण किती भाषणांत निघते? मंगळसूत्र एकदाच मोडलं. भाकरी रोज होती.

टेंभूचा पाट

हे बरं बोललात.

अर्ध्यातून परतलेली

बाईंना हा धागा दाखवलात का? त्यांच्याबद्दल इतकं चाललंय.

वेण्णाकाठ

दाखवला. त्यांच्याकडं स्वतःचा फोन नाही, म्हणून प्रिंट काढून नेला. सोबत चष्म्याची नवी काडीही नेली होती. ती घेतली नाही, म्हणाल्या, सुपिरियरना सांगून ठेवलंय, पंधरा दिवसांत होईल. प्रिंट ठेवून घेतला. काल परत आणायला गेलो, तर पानभर लाल पेन.

शेंगाचटणी

काय म्हणाल्या? त्याग की काम?

वेण्णाकाठ

त्यावर काही लिहिलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ अकरा ठिकाणी सुधारलंय. 'सहावीत' खोडून 'सातवीत' केलंय, मला सहावीत दुसऱ्या बाई होत्या म्हणे. केळी २० नव्हे, १५. आणि अर्ध्यातून परतलेली, तुमच्या मजकुराशेजारी समासात एवढंच आहे: "ही आता कुठं शिकवते? विचार."